पाणी घातलं का?

मुलाणीबाई फोनवर आधी आपलं नाव सांगायच्या आणि लगेच विचारायच्या, "पाणी घातलं का?" तब्येतीची चौकशी, पाऊसपाणी, पोरंबाळं, कामाचं किती झालं, हे सगळं त्यानंतर. ऑफिसात नवा आलेला माणूस हे ऐकून समजायचा, की बाईंना झाडांचा भारी नाद दिसतोय. कागद विकायला येणाऱ्या एका गृहस्थानं तर त्यांना खूश करायला गुलाबाचं कलम आणून दिलं. बाईंनी ते घेतलं, कुंडीत लावलं आणि महिन्याच्या आत वाळवलं. त्यांच्या लेखी पाणी घालायची जागा एकच होती, अर्थिंगचा खड्डा.

हा खड्डा समजल्याशिवाय बाई समजायच्या नाहीत. जमिनीत एक धातूची पट्टी पुरायची, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ भरायचं आणि तिच्यापासून एक वायर काढून घरातल्या बोर्डाला जोडायची. कुठं वीज भरकटली तर ती त्या वायरीनं जमिनीत जाते. पण जमीन ओली पाहिजे. कोरडी पडली की वीज मशीनमध्ये शिरते, नाहीतर माणसात. म्हणून त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी. बाईंच्या हाताखालच्या प्रत्येक घरात असा खड्डा होता. आधी खड्डा व्हायचा, तो मुरायचा, बाई येऊन टेस्टर लावून बघायच्या आणि मगच त्या घरात कॉम्प्युटर जायचा. एका घरी खड्डा करायला टाळाटाळ झाली, तर टेम्पोत चढवलेला कॉम्प्युटर त्यांनी दारातून परत आणला होता.

आमचं ऑफिस भोरला होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि मागं पत्र्याची पडवी. पुण्याच्या एका प्रकाशकाची शाळेची गाइडं आम्ही मराठीत टाइप करून द्यायचो. मी शाळेतून निवृत्त झालो होतो, मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडं होतं. टाइप करणाऱ्या बायका मात्र ऑफिसात कधीच नसायच्या. कोणी किकवीला, कोणी कापूरहोळला, दोघीतिघी वेल्ह्याच्या बाजूला आणि सगळ्यात लांबची हिर्डोशीच्या वरच्या वाडीत. प्रत्येकीच्या घरात एक कॉम्प्युटर आणि एक बॅटरी. घरी बसून कॉम्प्युटरवर काम करायचं हे आज कुणालाही सांगितलं तरी नवल वाटणार नाही. तेव्हा भोरात आम्हाला लोक हसायचे. बायकांच्या स्वयंपाकघरात मशिनं नेऊन बसवणारी बाई, अशी मुलाणीबाईंची ख्याती होती.

त्या भोरच्याच. नवरा लवकर गेला, एक मुलगी, ती लग्न होऊन मिरजेला. बाई स्वतः आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. हँडल फिरवून नंबर मागायचे त्या काळातल्या. तालुक्यातला कुठला माणूस किती जोरात बोलतो आणि कुणाला खोकल्याची सवय आहे, हे त्यांना तोंड न बघता ठाऊक होतं. मग एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं आणि बाईंना कुठंतरी कारकुनीच्या टेबलाशी बसवलं. तिथं जीव रमला नाही, म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि हे काम उभं केलं. माणूस अशा गोष्टीनं कडवट होतो. बाई ते सांगायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात मला कौतुकच ऐकू यायचं. "मशीन बसलं सर, आन् दुसऱ्या दिवसापासनं आमची कुनाला आठवन बी आली न्हाई. काम असं पायजे." मला ते ऐकून वाईट वाटायचं. त्यांना का वाटत नाही, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

बाईंचा एक चमत्कारिक स्वभाव होता. त्यांना तोंडावर गोड बोलता यायचं नाही. समोर उभं राहून त्या फक्त चुका काढायच्या. सर, हे बघा, सर, ते ऱ्हायलं, सर, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला काय. फोन हातात आला की मात्र बाई वेगळ्याच. आवाज खाली यायचा, भाषा सुधारायची, जी, हो, अवश्य, असे शब्द निघायचे. तीस वर्षांच्या नोकरीनं त्यांचा चांगुलपणा तारेत घालून ठेवला होता, असं मी त्यांना चिडवायचो. आमच्या दोन खोल्यांमध्ये त्यांनी इंटरकॉम बसवला, तेव्हा मी म्हटलं, मधे भिंत आहे, हाक मारली तरी ऐकू येईल. पण लवकरच उपयोग कळला. सकाळभर माझ्या टेबलाशी उभं राहून त्या मला झापायच्या. दुपारी पलीकडच्या खोलीतून इंटरकॉम वाजायचा आणि मऊ आवाज यायचा, "सर, भूगोलाची मुद्रितं फार नीट झाली आहेत बरं का." मी वळून बघितलं तर दारातून त्यांची पाठ दिसायची. बायकांनाही हे माहीत होतं. भांडायचं असेल तर त्या फोनवर भांडायच्या, कारण फोनवर बाई हरायच्या.

पर्समध्ये बडीशेपेची डबी आणि टेस्टर एकत्र असायचा. कुठल्याही घरी गेल्या, की पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी त्या तिथल्या बोर्डाला टेस्टर लावायच्या. लग्नाच्या मांडवातसुद्धा मी त्यांना हे करताना बघितलं आहे.

मशिनं बसवायची त्यांची रीत मी फक्त एकदाच, हिर्डोशीला, डोळ्यांनी बघितली. वाडीतली लक्ष्मी ढेबे ही आमचं काम करणारी सगळ्यात लांबची मुलगी. भोरला वसतिगृहात राहून बारावी झालेली, टायपिंगला हात असा की मी वाचायला लागलो तर मागं पडायचो. गवळ्यांचं घर, दारात म्हशी, अंगावर पिणारं मूल. हिर्डोशीची एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तीही मनात आलं तर. वाडी तिथून पुढं चढणीवर. म्हणजे लक्ष्मीनं काम करायचं तर घरीच, नाहीतर नाही. बाई मला म्हणाल्या होत्या, "बाई चुलीपासनं उठवायची न्हाई. वायर चुलीपत्तोर न्यायची."

त्या घरात गेल्यावर बाईंनी लक्ष्मीकडं बघितलंही नाही. त्या थेट स्वयंपाकघरात तिच्या सासूजवळ जाऊन बसल्या. सासू धोंडाबाई. उंच, सरळ, कमी बोलणारी आणि या सगळ्या प्रकाराबद्दल नाराज. बाई बराच वेळ तिच्याशी दुधाबद्दल बोलत राहिल्या. पाऊस कुठल्या भिंतीवर मारतो, कुठं गळतं, शेरडं कुठनं आत येतात, हे विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, धोंडाबाई, मशीन तुमच्या ताब्यात. खड्ड्याला रोज पाणी तुम्ही घालायचं. आभाळात कडकडलं की प्लग तुम्ही काढायचा, सुनेनं हात लावायचा नाही. काम झालं की फ्लॉपीचा डबा कुणाबरोबर धाडायचा ते तुम्ही ठरवायचं. सुनेनं फक्त बोटं चालवायची.

परत येताना मी त्यांना म्हटलं, काम करणार लक्ष्मी आणि शिकवलंत सासूला. त्या म्हणाल्या, सासूच्या हातात किल्ली दिली नाही तर महिन्याभरात मशीनवर पापड वाळत घालतील. खरं होतं ते. आमच्याकडं कित्येक घरांत सुना बदलल्या, बाळंतपणाला गेल्या, आल्या, पण खड्डे कोरडे पडले नाहीत, कारण ते सासवांचे होते.

पण त्या हिर्डोशीच्या खड्ड्यानं बाईंची एकदा चांगलीच जिरवली. उन्हाळ्यात लक्ष्मीचा फोन आला, की मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. बाईंनी विचारलं, पाणी घातलं का? रोज घातलं जात होतं. बाई स्वतः एसटीनं गेल्या, मग चढण चढल्या. बघतात तर खड्डा उकरलेला, वायर उपटून बाहेर पडलेली आणि दोन म्हशी शांतपणे माती चाटत उभ्या. मिठाचा वास म्हशींना लागला होता. शहराच्या बाईनं जमिनीत मीठ पुरलं आणि गोठा दहा पावलांवर आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. धोंडाबाई म्हणे पदर तोंडाला लावून हसत होती. "समद्यांना इचारलंत बाई, भिंतीला बी इचारलंत. म्हशीला न्हाई इचारलं."

दोघींनी मिळून खड्डा परत भरला, वर एक मोठा दगड ठेवला, पाणी घालायला पाइप वर काढला आणि म्हशींसाठी गोठ्याच्या दुसऱ्या अंगाला मिठाचा खडा टांगला. त्यानंतर बाई नव्या घरी गेल्या, की घरात कोण कोण असतं या प्रश्नात जनावरं धरायच्या. आणि ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. फोनवरून, अर्थात.

त्यांचे आणखी काही हट्ट होते. सगळे कॉम्प्युटर एका कंपनीनं मोडीत काढलेले, एकाच जातीचे, हळू चालणारे. नवं, वेगवान काही घेऊ म्हटलं की त्या म्हणायच्या, एकाचं हाड दुसऱ्याला बसलं पाहिजे. एक कॉम्प्युटर कायम ऑफिसात कापड टाकून रिकामा ठेवलेला असे. त्याचं नाव पाहुणा. कुठल्या घरचं मशीन बिघडलं की पाहुणा तिथं जायचा आणि आजारी मशीन इथं यायचं. दुसरा हट्ट दोन वाटांचा. टाइप केलेलं काम फ्लॉपीवर घ्यायचं, पण एका फ्लॉपीवर नाही, दोन फ्लॉप्यांवर. एक एसटीच्या कंडक्टरबरोबर, एक दुधाच्या टेम्पोत. पुढं फोनच्या तारेवरून काम पाठवायची सोय झाली, तरी बाईंनी डबे बंद केले नाहीत. फ्लॉप्यांचे डबे त्यांनी पिवळे रंगवून घेतले होते, कारण सुरुवातीला एका कंडक्टरनं जेवणाचा समजून एक डबा घरी नेला होता.

हे सगळं बरं चाललं होतं. मग प्रकाशकाकडं कर्णिक नावाचे नवे मॅनेजर आले. तरुण, हुशार आणि खरं सांगायचं तर सभ्य माणूस. त्यांनी आमचं काम दोन दिवस बसून बघितलं आणि एक योजना मांडली. भोरला एक हॉल घ्यायचा, नवीन कॉम्प्युटर, जनरेटर, सगळ्या बायकांना जीपनं आणायचं. किकवीच्या बायकांना ती आवडलीसुद्धा, घरातून बाहेर पडायला मिळणार म्हणून. पण जीप हिर्डोशीला जाणार नव्हती. तेवढ्या एका बाईसाठी घाटापर्यंत जीप परवडणार नाही, असं कर्णिकांनी स्पष्ट सांगितलं. लक्ष्मीचं काम सुटणार होतं. तोवर त्या घरात लक्ष्मीला काय किंमत आली होती, हे आम्ही दोघांनी बघितलं होतं. धोंडाबाई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेचं टेबल दाखवायची.

बाई भांडल्या. त्यांनी दोन वाटा सांगितल्या, खड्डे सांगितले, पाहुणा दाखवला. कर्णिकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे एक वाक्य बोलले. "बाई, ही यंत्रणा नाही. हे सगळं तुम्हीच आहात. उद्या तुम्ही नसलात तर काय?"

  उलट उत्तर देण्यात बाईंचा हात कुणी धरला नसता, पण हे त्यांच्या वर्मी लागलं. आता वाटतं, कर्णिकांनी नकळत तेच विचारलं होतं जे बाई एक्स्चेंज सोडल्यापासून स्वतःला विचारत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी पर्समधून बडीशेप काढून तोंडात टाकली.

"एक पावसाळा द्या," त्या म्हणाल्या. "म्या हितं येनार न्हाई, फोन घेनार न्हाई. एक जरी काम चुकलं, तरी मीच समद्या मशिना तुमच्या हॉलमदी आनून देते."

कर्णिकांनी मान्य केलं. मला वाटलं, आता बाई सगळ्यांना फोन करून सूचना देतील. निदान मला तरी काही सांगून जातील. त्यांनी काहीच केलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, आत्ता शिकवायला बसले तर परीक्षा कसली. आषाढ लागला आणि त्या येईनाशा झाल्या. त्यांचं घर आमच्या ऑफिसपासून हाकेवर. बाजारात जायला आमच्या दारावरूनच रस्ता होता. तो सोडून त्या मागच्या चिखलाच्या बोळातनं जायला लागल्या.

पहिले काही आठवडे ठीक गेले. किकवीचं एक मशीन बंद पडलं. मला कळायच्या आत त्या घरची सासू टेम्पो घेऊन दारात उभी, पाहुणा न्यायला. मग मात्र पाऊस असा लागला, की हिर्डोशीच्या रस्त्यावर दरड आली. एसटी बंद. टेलिफोन मुके. नेमकं नववीच्या इतिहासाच्या गाइडाचं शेवटचं काम लक्ष्मीकडं होतं आणि पुण्याला छपाई त्याच्यासाठी खोळंबली होती. कर्णिकांचा रोज फोन. ते टाकून बोलले नाहीत, पण उद्यापर्यंत आलं नाही तर हॉलची बोलणी करून टाकतो, एवढं त्यांनी सांगितलं.

मला राहवलं नाही. दुपारी छत्री घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी बसायला दिलं, चहा केला. मी हिर्डोशीचं नाव काढताच त्यांनी हात वर केला. सर, पावसाचं बोला, म्हणाल्या. मग आम्ही पावसाचं बोललो. नीरेला पाणी किती आहे, धरण किती भरलं, असलं काहीतरी. बोलताना त्यांच्या हातात टेस्टर होता आणि त्या त्याचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. निघताना माझं लक्ष कोनाड्यातल्या फोनकडं गेलं. त्याची वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवलेली होती. जन्मभर फोनच्या तारेला लागून बसलेल्या बाईनं ती काढून ठेवली होती. मला फार वाईट वाटलं, आणि कर्णिकांचा रागही आला, जो येण्याचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडून बसलो होतो. दारात घोंगडीची खोळ पांघरलेली एक उंच बाई उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल. धोंडाबाईला मी ऑफिसात कधी बघितलं नव्हतं, ती भोरला फार तर बाजाराला यायची. तिनं खोळेतून पिवळा डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधलेला, कोरडा.

ती बसली नाही. इकडंतिकडं बघितलं, मागं पडवीत गेली, खाली वाकून पाहिलं आणि तिथूनच मला विचारलं, "सर, हितल्या खड्ड्याला पानी घातलं का?"

मी म्हटलं, एवढा पाऊस पडतोय की बाहेर.

"पत्र्याखाली कुठं पडतोय पाऊस?" ती म्हणाली, आणि माठातला तांब्या भरून तिनं स्वतःच खड्ड्यात ओतला. मग बसली.

चहा घेताना तिनं सांगितलं ते एवढंच. रस्ता बंद झाला तरी वाडीचं दूध बंद नव्हतं. वाडीतली माणसं किटल्या डोक्यावर घेऊन दरडीपर्यंत चालत यायची, दरड पायी ओलांडायची आणि अलीकडं टेम्पोत दूध घालायची. दूध जातंय तर हे का थांबेल, असं तिला वाटलं. एक डबा लेकाकडं देऊन त्याला वरच्या वाटेनं धाडला होता, एक ती स्वतः घेऊन आली. बाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या ना, म्हणाली. लेकाचा डबा दुपारी आला. तो भिजला होता, त्यातली फ्लॉपी चालली नाही. धोंडाबाईची चालली. काम संध्याकाळी पुण्याला पोचलं.

हे सगळं मला तेव्हाच जाऊन बाईंना सांगायचं होतं, पण पैज दसऱ्यापर्यंत होती आणि त्या कानावर हात ठेवतील हे माहीत होतं. कर्णिकांनी मात्र दसऱ्याआधीच कळवलं, की हॉलचा विचार सोडला आहे. किकवीच्या बायका जराशा हिरमुसल्या. लक्ष्मीचं काम राहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाई आल्या. आल्याआल्या माझ्या टेबलावरच्या धुळीवरून मला बोलल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. धोंडाबाई, दरड, डबे आणि खड्डा. त्यांनी चेहरा हलू दिला नाही. बरं, म्हणून पलीकडच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं इंटरकॉम वाजला.

"सर, धोंडाबाईंनी पाणी घातलं का, असं स्वतःहून विचारलं?"

"हो."

"परत एकदा सांगा बरं."

मी परत सांगितलं. या वेळी मी वळून दाराकडं बघितलं नाही.

त्यानंतर बाई हळूहळू बाजूला होत गेल्या. कामाची वाटणी त्यांनी लक्ष्मीकडं दिली. हिर्डोशीच्या वाडीतून, म्हशींच्या शेजारी बसून, ती फोनवरून सगळ्या गावांचं काम वाटायची, आणि मलाही तिच्याच सांगण्याप्रमाणं वागावं लागायचं. बाई आधी दिवसाआड यायच्या, मग आठवड्यातून एकदा, मग नुसत्या चहाला. गुडघे दुखायला लागले, मुलगी मिरजेला बोलवत होती. एक दिवस त्यांनी घर आवरलं.

त्यांना बसवून द्यायला मी कापूरहोळपर्यंत गेलो. भोरचा रस्ता तिथं हायवेला मिळतो. साताऱ्याकडच्या गाडीची वाट बघत आम्ही एका चहाच्या टपरीशी उभे होतो. ती टपरी आमचीच होती असं म्हणायला हरकत नाही. भोरहून आलेला पिवळा डबा टेम्पोवाला तिथं ठेवायचा आणि टपरीवाला तो पुण्याच्या एसटीत द्यायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं, बाईंनीच ते लावून दिलं होतं. पण जुना टपरीवाला जाऊन आता त्याचा भाचा बसायचा, आणि टेम्पोही नव्या माणसाच्या हातात होता.

आमच्या देखत टेम्पो आला. ड्रायव्हर उतरला, त्याच्या हातात डबा. बाई नेमक्या टपरीच्या फळीपुढं उभ्या होत्या.

"मावशी, जरा सरका," तो म्हणाला. "डबा ठेवायचाय."

बाई सरकल्या. त्यानं डबा फळीवर ठेवला आणि टपरीवाल्याला बजावलं, आडवा ठेवू नको, पावसाची बाजू सोडून ठेव. हे शब्द बाईंचे होते. ते त्याच्यापर्यंत कुणाकुणाकडून आले असतील कुणास ठाऊक. मी त्याला सांगायला पुढं झालो, की अरे बाबा, तू कुणाला सरकायला सांगितलंस. बाईंनी माझा दंड धरला. त्यांची पकड चांगलीच घट्ट होती. मी मागं सरलो. टेम्पो गेला. बाई त्या डब्याकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांना लागलं असणार असं मला वाटलं. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो, तेवढ्यात गाडी आली.

गाडीत चढताना त्यांनी मला माझ्या चपलेचा अंगठा तुटल्याचं सांगितलं. मग खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी मूठ कानाशी नेली, फोन करते अशा अर्थानं. त्यांना ओळखणाऱ्या माणसाला ती खूण पुरेशी होती. काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि समोर बोलता येत नव्हतं. गाडी हायवेला लागेपर्यंत मूठ तशीच होती. मी त्यांना बघितलं ते तेव्हा शेवटचं. पुढच्या वर्षी मिरजेलाच त्या वारल्या.

त्या दिवशी मी ऑफिसात परत आलो आणि संध्याकाळपर्यंत फोनजवळ बसून राहिलो. फोन काही आला नाही. मनात म्हटलं, दुखावल्या बाई. दोन दिवसांनी धोंडाबाई बाजाराला आली होती, ती डोकावली. बाईंचा फोन आला होता, म्हणाली, मिरजेला पोचल्या पोचल्या, हिर्डोशीला. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"आधी पान्याचं इचारलं," धोंडाबाई म्हणाली. "मग लई येळ बोलत हुत्या. लई खुशीत हुत्या. म्हनल्या, धोंडाबाई, आज कापूरहोळला आपला डबा गेला माज्या म्होरनं, आन् मला कुनी वळखलं न्हाई."